समोरच्या संघाचे काय?

क्रीडास्पर्धेचा आरंभ प्रार्थनेने करण्याची प्रथा आपल्या शाळांत आणि धर्मग्रामांत चांगली रुजली आहे. मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, ध्वनिक्षेपकाची खरखर थांबते, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात आणि धर्मगुरूंना पुढे बोलावले जाते. ही प्रथा बंद करावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या प्रार्थनेचा पुढच्या दोन तासांतील वर्तनाशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारण्याची वेळ आता आली आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ख्रिस्ती माणसाच्या खेळाची परीक्षा एकाच ठिकाणी होते: समोरच्या संघातील सर्वांत दुबळ्या पोराशी तो कसा वागला, तेथे. आणि या परीक्षेत आपल्या समाजातील पुष्कळ प्रशिक्षक, पुष्कळ पालक आणि काही शाळासुद्धा अनुत्तीर्ण होत आहेत.

धर्मगुरूंना मैदानातले काय कळते, असे कोणी म्हणेल. अशा वाचकांना थोडा इतिहास सांगणे भाग आहे. संत पौल करिंथ नगरात दीड वर्ष राहिला. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत आणि विजेत्याच्या मस्तकी पानांचा मुगुट चढवला जाई. करिंथकरांना पत्र लिहिताना धावपटूची आणि मुष्टियोद्ध्याची उपमा त्याला सुचली ती याच मातीतून. ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक सामर्थ्याने’ हे ऑलिंपिकचे ब्रीद जगभर गाजले. पण ते प्रथम उच्चारणारे आंरी दिदों हे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू होते आणि १८९१ मध्ये पॅरिसजवळच्या आपल्या शाळेतील मुलांसमोर त्यांनी ते उच्चारले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तुरिन शहरातील अनाथ, भटक्या पोरांना संत जॉन बॉस्को यांनी प्रथम गोळा केले ते प्रार्थनेबरोबर खेळाच्याही ओढीने. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी फुटबॉलचे गोलरक्षक होते. २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये त्यांनी खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली. सारांश, ख्रिस्तसभेने खेळाशी कधी वैर धरलेले नाही. म्हणूनच खेळाविषयी बोलण्याचा तिला अधिकार आहे.

जिंकण्यापेक्षा भाग घेणे मोलाचे, हे वचन आपण बक्षीस समारंभात नेहमी ऐकतो. ते आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्तँ यांच्या नावावर खपते. त्याचा उगम मात्र एका प्रवचनात आहे. १९०८ साली लंडनच्या स्पर्धांत अमेरिकन आणि ब्रिटिश पथकांत कडाक्याचे वाद चालू असताना, १९ जुलै रोजी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये एथेलबर्ट टॅल्बट या अमेरिकन अँग्लिकन बिशपांनी संत पौलाच्या त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन हा विचार मांडला. कुबर्तँनी तो काही दिवसांनी आपल्या भाषणात उचलला. आज हे वचन हरलेल्यांच्या सांत्वनासाठी राखून ठेवले जाते. ढाल हाती घेतलेल्यांना ते कोणी ऐकवत नाही. वास्तविक त्याची गरज त्यांनाच अधिक असते.

आता एक उदाहरण. आमच्या चाळीसगावच्या फलाटावरून मुंबईकडे निघालेली गाडी नाशिक, इगतपुरी मागे टाकून कल्याणला पोहोचते. त्या कल्याणच्या एका मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी मुंबईच्या आंतरशालेय भंडारी चषकातील एक सामना झाला. प्रणव धनावडे या मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयाच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मुलाच्या सहनशक्तीला त्या वाजवायलाच हव्यात. त्याचा येथे काडीचाही दोष नाही. त्याला फलंदाजी करायला सांगितले होते आणि त्याने ती केली.

परंतु धावफलकाची दुसरी बाजूही वाचू या. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेचा पहिला डाव ३१ धावांत संपला होता. पहिल्या दिवसअखेर के. सी. गांधी शाळेची धावसंख्या एक गडी बाद ९५६ होती. म्हणजे नऊशेहून अधिक धावांची आघाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच डाव पुढे चालू झाला आणि ३ बाद १४६५ वर घोषित झाला. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२ धावांत आटोपला. पराभव एक डाव आणि १३८२ धावांनी. त्या संघातील मोठी मुले परीक्षेमुळे आलेली नव्हती आणि बाराच्या आतबाहेरची पोरे सोळा वर्षांखालील स्पर्धेत उतरली होती, असे तेव्हाच्या बातम्यांतच छापून आले होते. हजार धावा काढणाऱ्याचे नाव देशाला पाठ झाले. दोन दिवस उन्हात चेंडू टाकणाऱ्या आणि सीमारेषेपर्यंत धावून तो पुन्हा आणून देणाऱ्या पोरांपैकी एकाचे तरी नाव कोणाला आठवते काय? पहिल्या दिवशीच्या रात्री कोणी प्रौढ माणसाने, आता पुरे, असे का म्हटले नाही?

मराठी घरांत वाढलेल्या प्रत्येकाला ‘लिंबूटिंबू’ हा शब्द ठाऊक आहे. अंगणात मोठी मुले खेळत असतात. धाकटे भावंड रडत येते. आई आतून ओरडते, त्यालाही घ्या. मग त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतले जाते. तो धावतो, ओरडतो, हसतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्याही क्रीडा संघटनेने केलेला नाही. तो पोरांनी केला, आणि आम्हाला विचाराल तर तो शुभवर्तमानाच्या फार जवळ जाणारा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना अंगणात जे कळते, ते शिट्टी गळ्यात अडकवलेल्या मोठ्यांना मैदानावर का कळू नये?

याच मुंबईत याच्या आधी एक वेगळा प्रसंग घडला होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. समोर होता जेझुइटांच्या सेंट झेवियर शाळेचा संघ. ही मुले डाव घोषित करण्याच्या खुणांकडे मुद्दाम काणाडोळा करीत राहिली, ही गोष्ट त्यांनीच पुढे हसत हसत सांगितली आहे. परंतु जेवणाच्या सुट्टीत दूरध्वनीवर रमाकांत आचरेकर सरांशी बोलणे झाले तेव्हा विनोद ३४९ वर होता. आणखी एक धाव काढू द्या, ही त्याची विनवणी सरांनी मानली नाही, असे सांगितले जाते. डाव घोषित झाला. सर ख्रिस्ती नव्हते. पण विक्रमाच्या ऐन तोंडाशी शिष्याला थांबवणारा गुरू आम्हाला आमच्या प्रवचनासाठी पुरेसा आहे. त्या दिवशी मार खाणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले हा मुलगा होता; तो पुढे भारतातर्फे कसोटी खेळला. समोरच्या संघात कोण उभे आहे हे आपल्याला कधीच ठाऊक नसते. त्याला खेळाची गोडी टिकेल इतपत शिल्लक ठेवणे, हे जिंकणाऱ्याचे ऋण आहे.

यावर जे आक्षेप येतात ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की, दया दाखवणे हा समोरच्याचा अपमान आहे. मुद्दाम बाद होणे, मुद्दाम झेल सोडणे हा अपमान खराच; मुलांना तो तत्काळ कळतो. परंतु खेळांनी स्वतःच थांबण्याची वाट ठेवली आहे. क्रिकेटमध्ये डाव घोषित करता येतो. मॅटवरील मुक्त शैलीच्या कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की पंच लढत तेथेच संपवतात. आपल्या कबड्डीत तर लोण चढल्यावर बाद झालेला सगळा संघ पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो! ज्यांनी हे नियम केले त्यांना हरणाऱ्याची लाज राखायची होती. ती राखण्याइतके शहाणपण ख्रिस्ती प्रशिक्षकाकडे नसेल, तर नियमपुस्तक त्याच्यापेक्षा अधिक ख्रिस्ती म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप शास्त्राधाराने येतो. शर्यतीत एकालाच बक्षीस मिळते, म्हणून मिळवण्यासाठी धावा, असे संत पौलानेच सांगितले ना? सांगितले. पण त्याच उताऱ्यात पुढे तो काय करतो ते पाहावे. तो ताब्यात आणतो ते स्वतःचे शरीर, दुसऱ्याचे नव्हे. आणि ज्या मुगुटाकडे तो बोट दाखवतो, तो एकाने मिळवल्यामुळे दुसऱ्याला नाकारला जात नाही. या उताऱ्यातून समोरच्याला चिरडण्याची परवानगी काढणारे लोक पत्राचे अर्धेच पान वाचतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. पालक म्हणतात, फादर, आमच्या पोराला दुसरे काय आहे? खानदेशात कापूस आणि केळी यांच्या भरवशावर किंवा रेल्वेच्या तुटपुंज्या नोकरीवर संसार चालवणाऱ्याला खेळाच्या प्रमाणपत्रातून मुलाची नोकरी दिसते. आमच्याच तालुक्यातील सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाला, हे येथील प्रत्येक घरात सांगितले जाते. सांगितलेच पाहिजे, ती कष्टाची कमाई आहे. मात्र त्या एका यशाच्या सावलीत शेकडो मुले घडत आणि मोडत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना नोकरी मिळणार नाही. त्यांच्या हाती मैदानावरून काय लागेल? जिंकणे एवढेच शिकवले असेल तर काहीच नाही. आणि जिंकलेल्यालाही ते ओझे पेलवतेच असे नाही. कल्याणच्या त्या मुलाला मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली; दोन वर्षांच्या आत त्याच्या वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवण्याची विनंती केली, कारण मुलाचा खेळ अपेक्षांच्या भाराखाली मंदावला होता. त्या वडिलांचा प्रामाणिकपणा आम्हाला त्या हजार धावांहून मोठा वाटतो.

जिंकण्याच्या हव्यासाची झळ चर्चच्या उंबरठ्यापर्यंत येते, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. बाप्तिस्म्याचा दाखला हा आपल्या लोकांच्या वयाचा जुना पुरावा. चौदा वर्षांखालील संघात मुलगा बसावा म्हणून जन्मसाल एखाद्या वर्षाने पुढे करून दाखला मिळेल काय, अशी विचारणा आमच्याकडे झालेली आहे, तीही एकदाच नव्हे. विचारणारे दुष्ट नव्हते. एकाच्या हाती जपमाळ होती. आम्ही नकार दिला तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. सगळेच करतात, असे ते म्हणाले. खरेच पुष्कळ जण करतात. म्हणून तर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करून वय ठरवावे लागते. माणसांच्या शब्दावर विश्वास उरला नाही, म्हणून हाडांची साक्ष काढावी लागते! ज्या नोंदवहीत मुलाला देवाचे लेकरू म्हणून लिहिले, तिच्याच पानावर त्याच्या नावाने खोटे लिहायचे? आणि त्या एका वर्षाच्या चोरीने संघाबाहेर बसतो तो कोण? खरोखर तेरा वर्षांचा असलेला दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा. पुन्हा तोच प्रश्न: समोरच्याचे काय?

हरणे पचवायला शिकवले नाही की काय होते, ते २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. एका नामांकित मल्लाने निर्णयावरून पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत दुसऱ्याने मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर की चूक, हा वाद पुढे बराच चालला. तो चुकीचा होता असे मानले तरी आमचा मुद्दा बदलत नाही. माणसाचा न्याय चुकतो, हे क्रुसाकडे पाहणाऱ्यांना नव्याने सांगावे लागू नये. चुकलेल्या न्यायापुढे कसे उभे राहावे, हे ज्याला लहानपणी कोणी शिकवले नाही, तो मोठेपणी पायाचा वापर करतो. आपल्या शालेय सामन्यांत सीमारेषेवर उभे राहून पंचाला शिव्या घालणारे वडील याच शिक्षणाचे पहिले धडे देत असतात.

मग प्रशिक्षक म्हणजे कोण? आमच्या मते मेंढपाळाच्या दृष्टांतातच त्याचे उत्तर आहे. नव्व्याण्णव ठेवून एकाच्या शोधात निघतो तो मेंढपाळ. आजचा प्रशिक्षक अकरांसाठी बाराव्याला विसरतो. हंगामभर पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या राखीव मुलाला शेवटच्या पाच मिनिटांसाठीही मैदान दाखवत नाही. याउलट कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर आठवावेत. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून त्यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. शिष्य सुवर्णपदक आणील अशी हमी त्यांना कोणी दिली नव्हती. त्याने कांस्यपदक आणले. तरी स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. निकाल कळण्यापूर्वी जो स्वतःचे काही गहाण ठेवतो तो गुरू. निकाल लागल्यावर छायाचित्रात मध्यभागी उभा राहतो त्याला आम्ही दुसरा शब्द वापरू. १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळाडूच्या शरीराची हेळसांड, उत्तेजक द्रव्ये, भ्रष्टाचार आणि प्रेक्षकांचे वर्तन ही चार आव्हाने त्यात नावानिशी सांगितली आहेत. आपल्या किती शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी तो पाहिला असेल, हे आम्ही त्यांच्या मुख्याध्यापकांवर सोपवतो.

केवळ टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. नाशिक धर्मप्रांताच्या आमच्या या टोकाला कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत, संघ लहान आहेत, मैदाने उसनी आहेत. तरीही चार गोष्टी उद्यापासून करता येतील. धर्मग्रामाच्या स्पर्धेत नोंदवलेल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात काही काळ खेळलेच पाहिजे, हा पहिला नियम करावा. सामना उघडउघड एकतर्फी झाला की आघाडीच्या संघाने आपले राखीव खेळाडू उतरवावेत किंवा डाव घोषित करावा, आणि हे कर्णधाराच्या मर्जीवर न ठेवता पत्रकात छापावे. आरंभीच्या प्रार्थनेत प्रत्येक संघाने समोरच्या संघातील मुलांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. ज्याचे नाव घेऊन प्रार्थना केली त्याच्या पायावर मुद्दाम लाथ मारणे जरा जड जाते. आणि वयाच्या दाखल्यात फेरफार सिद्ध झाला तर मुलाला न हाकलता त्या प्रशिक्षकाला स्पर्धेतून दूर करावे, कारण खोटेपणा मुलाच्या डोक्यातून क्वचितच निघालेला असतो.

पालकांसाठी याहून सोपी गोष्ट आहे. मूल घामाने भिजून घरी येते तेव्हा, जिंकलास का, हा प्रश्न आपल्या ओठांवर आधी येतो. तो दुसऱ्या क्रमांकावर ढकलावा. समोरच्या संघात कोण होते, त्यांतला चांगला कोण खेळला, हे आधी विचारावे. त्याला एकही नाव सांगता आले नाही, तर तो खेळायला गेला होता की नुसता जिंकायला, हे आपले आपल्यालाच कळेल. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने उत्तर म्हणून ज्याला उभे केले तो शोमरोनी होता; ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने समोरच्या संघातला माणूस. त्याच्यावाचून तो दृष्टांत होत नाही, आणि समोरच्या संघावाचून सामनाही होत नाही.